पहिला सूट शिवताय? आधी कॉलर आणि मुंढा बघा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: बाहीच्या बटणांना खरी, म्हणजे उघडणारी काजं हवीत का, लॅपल (कोटाच्या छातीवर बाहेर वळवलेली पट्टी) किती रुंद ठेवायची, आणि कापड सुपर १२० घ्यावं की १५०. तिन्हींवर सांगतो, पण पहिलाच सूट शिवून घेताय, तर आधी लक्ष कॉलर, खांदा आणि मुंढ्याकडे, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाकार कापाकडे द्या. पॅन्टची कमर किंवा बाहीची लांबी नंतरही बदलता येते, आत माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड, असली की झालं. खांदा बदलायचा तर मात्र अर्धा कोट उसवावा लागतो, आणि मुंढा एकदा खोल कापला गेला की गेलेलं कापड परत जोडता येत नाही.

कच्च्या शिलाईच्या ट्रायलला कोटाची कॉलर शर्टच्या कॉलरला मागून आणि बाजूंनी टेकलेली हवी. मान फिरवा, हात पुढे करा, आणि फट पडते का ते दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. मानेखाली पाठीवर आडवी वळी पडत असेल, तर बहुधा तुमचे खांदे कोटाच्या खांद्यांपेक्षा सपाट आहेत. मानेपासून काखेकडे तिरक्या चुण्या जात असतील, तर ते जास्त उतरते आहेत. पुष्कळांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा जरा खाली असतो, म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा.

मुंढा मोठा म्हणजे कोट मोकळा, असं अनेकांना वाटतं. होतं नेमकं उलटं. मुंढा खाली उतरलेला असला की बाही कोटाला खालच्या बाजूला जोडली जाते, आणि हात उचलताच सगळा कोट वर ओढला जातो. मुंढा काखेजवळ, न काचेल इतपत वर असेल, तर हात हलतो आणि कोट जागेवर राहतो. चांगला कारागीर बाहीचा वरचा घेर मुंढ्यापेक्षा थोडा जास्त ठेवतो आणि तो जादा भाग वाफेने, इस्त्रीने जिरवून बसवतो. मला विचाराल तर कोटातलं सगळ्यात अवघड काम हेच.

आता आतलं. कोटाच्या पुढच्या भागाला आकार देणारा आतला थर कॅनव्हासचा, शिवलेला आहे, की फ्यूजिंग (गोंदाने चिकटणारं कापड) चिकटवलंय, हे टेलरला स्पष्ट विचारा. कॅनव्हासमध्ये घोड्याच्या शेपटीचे केस विणलेले असतात, त्यामुळे त्याला स्वतःचा ताठपणा असतो. लॅपल हातावर वळवून धरून तिरप्या टाक्यांनी तो आत बसवतात, म्हणून लॅपल सपाट न पडता गोलाईने वळते. तयार कोटात सगळ्यात खालच्या काजाजवळ बाहेरचं कापड आणि अस्तर चिमटीत धरून वेगळं करून बघा. मध्ये तिसरा, सुटा थर लागला तर पूर्ण कॅनव्हास आहे. हाफ कॅनव्हास, म्हणजे फक्त वरच्या भागात घातलेला, तिथे लागणार नाही, तो छातीपाशी चाचपावा. पहिल्या सूटला तोही उत्तम. फ्यूजिंग हलक्या दर्जाचं असेल, तर काही ड्रायक्लीनिंगनंतर छातीवर फुगे येऊ शकतात.

कापडाबद्दल थोडक्यात: सुपरचा आकडा लोकरीच्या तंतूची जाडी सांगतो. सुपर १२० मध्ये ती जास्तीत जास्त १७.७५ मायक्रॉन, १५० मध्ये १६.२५. तंतू बारीक म्हणजे स्पर्श मऊ, पण कापड लवकर चुरगळतं आणि झिजतंही लवकर. वरचेवर घालणार असाल तर १२० च घ्या, किंवा १०० घेऊन जरा वजनदार विण निवडा.

लॅपल साधारण कॉलर आणि खांद्याच्या टोकाच्या मधोमध संपावी. अगदी अरुंद लॅपल रुंद छातीवर हरवून जाते.

खरी काजं जरूर करून घ्या, दिसतात सुंदर. फक्त ती बाहीची लांबी पक्की झाल्यावरच कापायची, कारण त्यानंतर बाही मनगटाकडून नीट कमी करता येत नाही, खांद्याकडून उसवावी लागते. म्हणून ट्रायलला तुमच्या मापाचा चांगला शर्ट घालून जा. हात खाली सोडल्यावर शर्टचा कफ १ ते १.५ सेंमी दिसला, की मग टेलरला काजं करायला सांगा.