छोट्या साइटसाठी क्लाउड कुठला घ्यावा?

प्रश्न: आमच्या संस्थेची वर्डप्रेसवर छोटी साइट आहे, दहा-बारा पानं, फोटो, एक फॉर्म, दिवसाला फार तर दोनशे लोक येतात. शेअर्ड होस्टिंग सारखं बंद पडतं. कोणी म्हणतं एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) घ्या, कोणी म्हणतं डिजिटलओशन (तशीच दुसरी कंपनी). मला सर्व्हर सांभाळता येत नाही. काय करू?

उत्तर: तुम्ही शेवटी लिहिलंय ना, सर्व्हर सांभाळता येत नाही, निर्णय खरं तर तिथेच होतो. एडब्ल्यूएसचं ईसीटू काय किंवा डिजिटलओशनचं ड्रॉपलेट काय, तुम्हाला मिळते ती नुसती लिनक्स मशीन, त्यावर पीएचपी, डेटाबेस, फायरवॉल, सिक्युरिटी अपडेट सगळं तुम्हीच बघायचं. म्हणून मॅनेज्ड वर्डप्रेस घ्या, त्यात सर्व्हर कंपनीच सांभाळते, थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल. दोनशे लोकांसाठी स्पीडची काळजी करूच नका, फक्त सर्व्हर तुमच्या वाचकांच्या जवळच्या रीजनमध्ये (म्हणजे जवळच्या डेटा सेंटरमध्ये) घ्या.

प्लॅन महिन्याला ठरलेल्या रकमेचाच बघा आणि रिन्यूअलचा रेट आधी वाचा, पहिल्या वर्षाचा स्वस्त रेट पुढे राहत नाही बऱ्याचदा. एडब्ल्यूएसवर वापर होईल तसं बिल येतं, ठरावीक मर्यादेनंतर बाहेर जाणाऱ्या डेटाचेही पैसे लागतात, आणि बजेट अलर्ट लावला तरी तो मेल पाठवतो, मशीन आपोआप थांबत नाही. ९९.९ टक्के अपटाइम (साइट चालू राहण्याची हमी) ऐकायला भारी वाटतं पण त्यात महिन्याला ४३ मिनिटं साइट बंद असली तरी होस्टिंगवाल्याचा शब्द मोडत नाही.

बॅकअपचं मात्र मी अगदी कळकळीने सांगतो. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचक्लाउड या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, आणि ज्यांचा बॅकअपही तिथेच होता त्यातल्या कित्येकांचा डेटा कायमचा गेला. तेव्हा एक कॉपी दुसऱ्या कंपनीकडे किंवा स्वतःच्या हार्ड डिस्कवर हवीच, फाइल्स आणि डेटाबेस दोन्ही, आणि ती एकदा रिस्टोअर करून बघा. डोमेनही (साइटचं नाव) होस्टिंगवाल्याकडे ठेवू नका, वेगळ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) संस्थेच्या नावाने ठेवा, म्हणजे पटलं नाही तर उठून दुसरीकडे जाता येतं.

साइट हलवायच्या आदल्या दिवशी डोमेनच्या डीएनएस सेटिंगमधला टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) ३०० सेकंदांवर आणा, जुनं होस्टिंग आठवडाभर तरी चालू राहू द्या, आणि नव्या जागी फॉर्म स्वतः भरून मेल येतोय का ते बघा, हलवल्यावर बंद पडतो तो बहुतेक वेळा फॉर्मच.