खुलासा लिही, माफीनामा नको

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. ताटातली कळण्याची भाकरी तशीच गार झाली. पाऊण तास तू बोललीस आणि त्यात चार वेळा म्हणालीस, "पण सर, माझी जूनची ऑर्डर?" तासिका तत्त्वावरची तुझी नेमणूक दर जूनला नव्यानं होते, त्याची ही धास्ती. मी शेवटी तुझ्यावर खेकसलो. त्याचं मनाला लागून राहिलंय, म्हणून हे पत्र. पण जे बोललो ते रागाच्या भरात बोललो असं समजू नकोस. तुझ्या शिकवण्याविरुद्ध तक्रारीचे दोन अर्ज आले, प्राचार्य म्हणाले, "सोमवारपर्यंत दोन ओळी लिहून द्या, विषय मिटवू," आणि तू त्या दोन ओळी लिहायला निघाली आहेस. म्हणून खेकसलो.

खुलासा लिही. माफीनामा लिहू नकोस.

तू पाठवलेली अडतीस सेकंदांची क्लिप मी पाच-सहा वेळा पाहिली. एस.वाय.च्या वर्गाला तू मध्ययुगीन खान्देश शिकवते आहेस. १३८२ मध्ये मलिक राजानं थाळनेरला स्वतंत्र कारभार सुरू केला, त्याच्या मुलानं तापीकाठी शहर वसवून त्याला सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव दिलं, गुजरातच्या सुलतानानं या फारुकी घराण्याला खान पदवी दिली, त्यावरून मुलखाला खान्देश नाव पडलं असं एक मत आहे. यात चूक काय आहे? काहीही नाही. मग तू म्हणतेस, "दुसरं मत असं की," आणि क्लिप संपते. कान्हदेशाची व्युत्पत्ती तू त्याच तासाला फळ्यावर लिहिलीस, हे तुझ्या डायरीत आहे आणि वर्गातल्या साठ वह्यांमध्ये आहे. मोबाइलमध्ये तेवढं नाही. पहिला अर्ज त्या अर्ध्या वाक्यावर उभा आहे. त्याची मला एवढीही भीती वाटत नाही.

दुसऱ्या अर्जाचं मात्र तसं नाही. तिथं मी तुझी बाजू घेणार नाही. कोणीतरी विचारलं, दर्ग्यावर नवस बोलतात ते धर्मात बसतं का? आणि तू म्हणालीस, "तो सगळा अडाणीपणा." बाई गं, हे तू कशाच्या जोरावर म्हणालीस? हे काय इतिहासात लिहिलंय? तिसऱ्या बाकावरच्या ज्या मुलीची आई दर गुरुवारी दर्ग्यावर जाते, तिनं मान खाली घातली, हे तूच मला सांगितलंस. त्या दर्ग्यावर चादर घेऊन जाणाऱ्यांत तुझ्या-माझ्या घरातलीही माणसं असतात. कोण जातं, कधीपासून जातं, काय मागतं, मौलवी त्यावर काय म्हणतात, हे सगळं शिकवायचा तुला पूर्ण हक्क आहे. "अडाणी" हे शिकवणं नव्हतं, तो शेरा होता. तो शब्द परत घे. वर्गात उभी राहून, त्याच साठ मुलांसमोर, कोणी न सांगता. पण तो शब्द परत घेणं वेगळं आणि प्राचार्यांच्या टेबलावर "माझ्या अध्यापनामुळे भावना दुखावल्या, यापुढे असा विषय शिकवणार नाही" असं लिहून देणं वेगळं. माफी वर्गात मागायची. कार्यालयात खुलासा द्यायचा.

हा फरक मी पुस्तकातून शिकलेलो नाही.

१९९४ सालचा श्रावण. मी मराठीला होतो, नोकरीला दीड वर्ष झालेलं, प्रोबेशन चालू. लोकसाहित्याचा घटक होता आणि नागपंचमीनंतरचा रविवार जवळ आला होता, म्हणून मी आपल्या खान्देशातली लोकदेवता कानबाई शिकवायला घेतली. पोरांच्या घरोघरी गहू निवडणं चालू होतं, रोटांची तयारी होती. मी सांगितलं की पाटावर मांडलेल्या नारळाला डोळे लावून, नाकात नथ घालून जी देवी बसते, ती शेतकऱ्यांची, कुळाची देवी आहे. तिला मोठं देऊळ लागत नाही, पोथी लागत नाही, तिची पोथी म्हणजे बायकांची गाणी. मला अजूनही वाटतं, माझ्या उभ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला तास होता. पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. तिनं आपल्या आजीकडून कानबाईची गाणी उतरवून घ्यायला सुरुवात केली होती. खाकी कव्हर घातलेली दोनशे पानी वही, आणि अक्षर इतकं टपोरं की लांबून वाचावं. आजी काय म्हणते ते ती समासात लिहायची. मी तिला मुद्दाम विचारायला लावलं होतं की, आजी, देवी म्हणजे नारळच का? आजीनं सांगितलं होतं, "कानबाई नारळ नही, माय शे. नारळबी शे." मी आयुष्यभर लोकदैवतांवर वाचलं, पण इतकं नेमकं कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही.

चौथ्या दिवशी आठ-दहा जण कॉलेजात आले. सर म्हणाले कानबाई नुसता नारळ आहे, असं गावात पसरलं होतं. मला केबिनमध्ये बोलावलं. मोठ्या आवाजात कोणी बोललं नाही, सगळे "सर, सर" करत होते. साहेबांनी फुलस्केप कागद पुढे सरकवला. मी तीन ओळी लिहिल्या. क्लार्कनं टाइप केल्या, कार्बन घालून तीन प्रती काढल्या, एक नोटीस बोर्डावर लागली. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात होती, वही नव्हती. मी विचारलं नाही. आठवड्यानं तीच म्हणाली, "सर, आजी नको म्हणते. म्हणते, मास्तरलेच माफी मागनी पडनी." पुढच्या वर्षी आजी गेली. ती गाणी किती होती, पुढं काय होतं, मला माहीत नाही, तिलाही नाही. त्या कॉलेजात मग बरीच वर्षं कानबाई कोणी शिकवली नाही. घटक अभ्यासक्रमात होता, पण आम्ही "वाचून घ्या" म्हणायचो. मीच म्हणायचो.

तू म्हणशील, मग सर, तुम्ही का लिहून दिलंत? लिहिलं कारण वडील अंथरुणाला खिळलेले, घरात मिळवता मी एकटा, आणि विद्यापीठाची मान्यता यायची होती. आमचे काही सहकारी नंतर म्हणायचे, सर घाबरले. त्यांच्यातला एकही जण त्या दिवशी केबिनच्या दारापर्यंत आला नव्हता. एखादा जरी शेजारी उभा राहिला असता तरी मी लिहून दिलं नसतं, असं मला आजही वाटतं. असो. तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हे हे मला कळतं. पण तुझी भीती मला ऐकीव माहीत नाही, एवढं तरी तुला समजावं. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याची तर दर जूनला नव्यानं परीक्षा. माझ्या पाठीशी निदान प्रोबेशन होतं, तुझ्या पाठीशी तेवढंही नाही. हे मी विसरलेलो नाही.

तरीही लिहू नकोस.

कारण ऐक. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात हॅमलाइन नावाचं विद्यापीठ आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात तिथं कलेचा इतिहास शिकवणाऱ्या एका बाईंनी चौदाव्या शतकातल्या फारसी हस्तलिखितातलं पैगंबरांचं चित्र वर्गात दाखवलं. आधी अभ्यासक्रमाच्या पत्रकात लेखी कल्पना दिली होती, दाखवण्याआधी पुन्हा सांगितलं होतं, ज्यांना पाहायचं नाही त्यांनी पाहू नये. तरी तक्रार झाली. पुढच्या सत्राचं काम त्यांना मिळालं नाही. त्याही तुझ्यासारख्याच, कायम नसलेल्या. विद्यापीठानं आधी त्यांच्या कृतीला इस्लामद्वेषी ठरवलं आणि नंतर तो शब्द चुकल्याचं कबूल केलं. तिथल्या मुस्लिमांच्याच एका मोठ्या संघटनेनं बाईंची बाजू उघडपणे घेतली, कारण ते चित्रही मुस्लिम परंपरेतलंच होतं. यातून तू दोन गोष्टी घे. एक, ज्या समाजाच्या नावानं अर्ज येतो त्या समाजात एकच मत कधी नसतं. आणि दुसरी, सगळी काळजी घेऊनही काम जाऊ शकतं. मी तुला "काही होणार नाही" असं सांगत नाहीये. होऊ शकतं. २००८ मध्ये एका प्रश्नपत्रिकेवरून माझ्याकडे पुन्हा कागद सरकवला गेला. तेव्हा मी चार पानी खुलासा लिहिला, प्रत्येक वाक्याला संदर्भ दिला, आणि माफीची ओळ लिहिली नाही. दोन वर्षं संस्थेच्या दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवलं. पहाटे साडेपाचची एसटी, हिवाळ्यात काचेवर दव, आणि पोटात काही नाही. पण त्या दोन वर्षांत मी कुठलाही घटक "वाचून घ्या" म्हणून सोडला नाही.

कायद्याचीही तुला फार धास्ती दिसते. भारतीय न्याय संहितेचं २९९ कलम, म्हणजे १९२७ साली आलेलं जुनं २९५-अ, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं धर्माचा अपमान करणाऱ्यासाठी आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्येच सांगून ठेवलंय की अनवधानानं किंवा निष्काळजीपणे, तसा हेतू नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही. शिकवण्याचा हेतू तुझ्या डायरीत तारखेसह लिहिलेला आहे. आता तूच स्वतःच्या सहीनं "मी भावना दुखावल्या" असं लिहून दिलंस, तर उद्या तोच कागद कुठं आणि कसा फिरेल, विचार कर.

आणि असं प्रश्न विचारत शिकवणं हे शहरी, परकं खूळ आहे असं कोणी म्हणालं तर त्याला चाळीसगावला घेऊन जा. पाटणच्या शिलालेखात आठशे वर्षांपूर्वीची नोंद आहे, शके ११२८ ची. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला, आणि पाटणच्या बाजारात उघडणाऱ्या मालावरचा राजाचा हिस्सा त्या मठाला दिला गेला. म्हणजे आपल्या मुलखातल्या बाजाराच्या पैशावर भास्कराचार्यांचा गोलाध्याय, म्हणजे खगोलावरचा ग्रंथभाग, शिकवला जात होता. त्यात काय आहे? पृथ्वीला कोणाचा आधार मानला तर त्या आधाराला कोणाचा, असं विचारून भास्कराचार्य सगळी उतरंड मोडतात आणि पृथ्वीला आधार नाही म्हणतात. ग्रहण सावलीमुळे होतं हे गणितानं दाखवतात. मग वेद-पुराणांत राहू सांगितलाय त्याचं काय? तर ते म्हणतात, राहू त्या सावलीत शिरतो. काही जण याला माघार म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांनी श्रद्धाळूंना बसायला जागा करून दिली आणि गणितातला आकडा जागचा हलवला नाही. मी तर त्याला खुलासाच म्हणतो.

आता कामाचं. तुझ्या खुलाशात तारीख, तास, घटक, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातली त्या घटकाची जागा, दोन्ही व्युत्पत्त्या आणि त्यांचे आधारग्रंथ एवढंच असू दे. डायरीच्या पानाची झेरॉक्स जोड. "अडाणी" शब्दाबद्दल एक वाक्य लिही: तो शब्द माझा होता, अभ्यासक्रमाचा नव्हता, आणि तो मी अमुक तारखेला वर्गात मागे घेतला. "यापुढे" या शब्दानं सुरू होणारं एकही वाक्य त्यात नको. आवक क्रमांक टाकून पोच घे. प्राचार्य वाईट नाहीत, त्यांच्यावरही फोन येत असतील. त्यांना वर दाखवायला कागद हवाय, तर तो कागद त्यांच्या हातात चांगला असू दे. आणि स्टाफरूममधल्या निदान दोघांना आधी वाचून दाखव. मी तुला विभागप्रमुखांशी बोलतो असं म्हणालो होतो, ते आजच करतो. केबिनच्या बाहेर कोणीतरी उभं असलं पाहिजे. नाही कोणी मिळालं तर मी येतो, गुडघ्याचं काय ते बघून घेईन.

पण हे सगळं सोमवारचं झालं. तू म्हणतेस, उद्या शनिवारी एस.वाय.चा तास आहे. तासाआधी त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीला भेट. तिच्या भावानं अर्ज दिलाय, तिनं दिलेला नाही, हे लक्षात घे. तिला समजावू नकोस. तिच्या आईला दर्ग्याबद्दल काय माहीत आहे ते विचार, आणि तिला सांगावंसं वाटलं तर लिहून घे. मग वर्गात जा.

रविवारी दुपारी मसुदा घेऊन घरी ये. लाल पेन काढून ठेवतो.

तुझे,
सर