वाचकांचे प्रश्न : लायसन्सच्या अर्जाआधी कागद जुळवताना

ठाणे आणि नवी मुंबईतून अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच वाहन चालवण्याच्या लायसन्ससंबंधी होती. त्यांतील चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझे वय 46 आहे. घरातील स्कूटर मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यापासून उभीच आहे आणि आता ती मी चालवावी असे ठरले आहे. माझ्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव व 1 जून ही जन्मतारीख आहे. आधारवर सासरचे नाव आहे, परंतु जन्मतारखेच्या जागी केवळ जन्मवर्ष छापलेले आहे. पॅनवर आडनाव सासरचे, तर वडिलांचे नाव वेगळ्या ओळीत. यांपैकी नेमके काय जोडावे? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : आपल्याजवळ कागद भरपूर आहेत, ते एकमेकांशी जुळत नाहीत, एवढीच अडचण आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत तीच असते. म्हणून अर्ज उघडण्यापूर्वी सगळे कागद टेबलावर एका रांगेत मांडावेत आणि प्रत्येकावर बोट ठेवून नाव, जन्मतारीख व पत्ता या तीनच गोष्टी वाचाव्यात. मराठीत नाव सगळीकडे सारखेच दिसते, पण इंग्रजीत आडनावातला 'व' एका कागदावर डब्ल्यूने तर दुसऱ्यावर व्हीने लिहिलेला सापडतो आणि संगणकाच्या लेखी ती दोन माणसे ठरतात.

'सारथी' या संकेतस्थळावर शिकाऊ लायसन्ससाठी दोन प्रकारे अर्ज करता येतो. महाराष्ट्रात जून 2021 मध्ये सुरू झालेल्या प्रकारात आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, नाव, जन्मतारीख, पत्ता आणि छायाचित्र आधारमधूनच अर्जात उतरते व परीक्षा घरी बसून देता येते. दुसऱ्या प्रकारात वयाचा आणि पत्त्याचा पुरावा स्वतः जोडून, वेळ ठरवून, परीक्षेसाठी आरटीओत जावे लागते. पहिला मार्ग सोपा खरा, पण आधारमधली चूक जशीच्या तशी लायसन्सवर येते. (छायाचित्रही तेच येते. बारा वर्षांपूर्वी रांगेत घामाघूम उभे असताना काढलेले ते छायाचित्र शिकाऊ लायसन्सवर पाहून खंतावू नये.)

आपल्या पिढीतील असंख्य मंडळींप्रमाणे आपला जन्मदिवसही शाळेत नाव घालताना गुरुजींनीच 1 जून ठरवलेला दिसतो. खरी तारीख कोणती, या चौकशीत आता पडू नये. दाखल्यावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर 1 जून असेल, तर आपल्यापुरती तीच खरी. 2024 मध्ये मोटार अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखलाच ग्राह्य धरला. तेव्हा प्रथम दहावीच्या प्रमाणपत्राच्या आधारे आधार केंद्रावर पूर्ण जन्मतारीख नोंदवून घ्यावी. आधारमधील जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते, तर नाव दोनदा. त्यामुळे केंद्रावरील माणूस संगणकात तारीख घालत असताना पडद्याकडे लक्ष असू द्यावे आणि पावती हातात पडताच तेथेच उभे राहून ती वाचावी. दिवस आणि महिना यांची अदलाबदल होणे ही नेहमीची चूक आहे, जी 1 जूनची 6 जानेवारी करून टाकते.

नावासाठी धावपळ करण्याचे कारण नाही. आधारवर सासरचे नाव आहे, तेच ठेवावे. आधारच्या मार्गाने गेल्यास माहेरचे नाव असलेला दाखला अर्जासोबत लागतच नाही. दुसऱ्या मार्गाने जायचे झाल्यास मात्र दाखल्यावरील मुलगी आणि अर्ज करणारी स्त्री एकच आहे हे दाखवावे लागते, आणि त्यासाठी महापालिकेचे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र पुरते. पॅन जोडूच नये. न मागितलेला कागद जोडला की त्यावरून नवा प्रश्न उभा राहतो, हा आमचा जुना अनुभव आहे.

वयाची 40 वर्षे पूर्ण झालेली असल्याने आपल्याला नमुना 1-अ, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्रही लागेल. त्याहून कमी वयाच्या व्यक्तीला खासगी वाहनासाठी नमुना 1 मधील स्वतःचे निवेदन पुरेसे असते. नमुना 1-अ मध्ये चांगल्या उजेडात 25 मीटरवरील मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का आणि लाल व हिरवा रंग वेगळे कळतात का, असे साधे पण महत्त्वाचे प्रश्न असतात. चष्मा असल्यास तो घालूनच तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक ही तिन्ही प्रमाणपत्रावर आहेत ना, हे दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी पाहावे. क्रमांक राहिल्यामुळे परत फिरावे लागलेले वाचक आम्हाला ठाऊक आहेत.

प्रश्न : मी घणसोलीत भाड्याने राहतो. आधारवर सातारा जिल्ह्यातील गावचा पत्ता आहे. लायसन्स इथून काढता येईल का? (एक वाचक, घणसोली)

उत्तर : येईल. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर आपण ज्या राज्यात राहता, त्या राज्यातील कोणत्याही परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. विचार करायचा तो टपालाचा. पक्के लायसन्स टपालाने नोंदलेल्या पत्त्यावर येते. गावी आई-वडील असतील आणि पोस्टमन घर ओळखत असेल, तर पत्ता न बदलताही काम भागेल. घराला कुलूप असेल, तर मात्र लायसन्स परत जाईल आणि ते मिळवण्यासाठी पुन्हा खेपा घालाव्या लागतील.

इथलाच पत्ता हवा असल्यास भाडेकरार नोंदणीकृत असला पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. केवळ नोटरी केलेला करार देऊन वेळ मारून नेणाऱ्या मालकाला हे कलम सौम्य शब्दांत दाखवावे. करार बहुधा 11 महिन्यांचा असतो. तो संपत आला असेल, तर आधी नवा करून घ्यावा, त्यावर आधारमधील पत्ता बदलावा आणि मगच सारथीवर जावे. या क्रमात महिनाभर जाईल, परंतु उलट क्रमाने गेल्यास लायसन्सवरील पत्ता बदलण्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळे शुल्क भरावे लागेल.

प्रश्न : आमचा मुलगा 16 वर्षांचा आहे. क्लासला जाण्यासाठी त्याला घरच्या 110 सीसी स्कूटरचे लायसन्स मिळेल का? अर्ज वाशीला करावा की पनवेलला? (एक पालक, खारघर)

उत्तर : मिळणार नाही. 16 व्या वर्षी पालकांच्या लेखी संमतीने लायसन्स मिळते ते 50 सीसीपर्यंतच्या, विनागिअरच्या दुचाकीसाठी. आपल्या स्कूटरसाठी 18 वर्षे पूर्ण व्हावी लागतील. तोवर किल्ली कपाटात ठेवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 199-अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला 3 वर्षांपर्यंत कारावास आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि अगदी कमी शक्तीच्या विजेच्या दुचाकीला लायसन्स लागत नाही, मात्र विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न विसंबता तिची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी असल्याचे लेखी पाहावे. कार्यालयाबाबत सांगायचे तर खारघर रायगड जिल्ह्यात, पनवेलच्या एमएच-46 कडे येते, आणि वाशीचे एमएच-43 हे कार्यालय वेगळे आहे.

प्रश्न : शिकाऊ लायसन्सचे सगळे कागद ड्रायव्हिंग स्कूलकडे दिले होते. आता पक्क्या लायसन्सची वेळ घ्यायची आहे, पण ओटीपी मला येतच नाही. काय करावे? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : अर्जात आपल्याऐवजी स्कूलमधील कोणाचा तरी मोबाइल क्रमांक घातला गेला असावा. शिकाऊ लायसन्स मागून घ्यावे आणि सारथीवर मोबाइल क्रमांक बदलण्याची सोय वापरून आपला क्रमांक नोंदवावा. एका घरगुती अर्जात आम्हीही हीच चूक केली होती, आणि स्कूलचा माणूस गावी गेलेला असताना आठवडाभर त्याच्या फोनची वाट पाहिली होती.

शिकाऊ लायसन्स 6 महिने चालते आणि पक्क्याची चाचणी ते मिळाल्यापासून 30 दिवसांनंतर देता येते, तेव्हा तारखा आजच मोजाव्यात. खासगी कारसाठी स्कूलचे नमुना 5, म्हणजे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र, सक्तीचे नाही. ते व्यावसायिक वाहनांसाठी लागते. केंद्रीय नियमांनुसार चाचणीचे शुल्क वाहनाच्या प्रत्येक प्रकारासाठी 300 रुपये आणि लायसन्सचे 200 रुपये आहे. त्याहून अधिक मागितले जात असल्यास ते कशाचे, हे पावतीवर लिहून मागावे. चाचणीच्या दिवशी मूळ शिकाऊ लायसन्सबरोबर ज्या गाडीवर चाचणी द्यायची तिचे आरसी, विमा आणि पीयूसीही लागतात. पीयूसीची मुदत आदल्या दिवशीच पाहून ठेवावी आणि पांढऱ्या पाटीवर लाल रंगातले 'एल' अक्षर गाडीच्या पुढे व मागे दोन्हीकडे लावावे.