रग्बी की डॉक्टरकी? मधली आठ वर्षं मोजा

कार्डिफहून एका आईंचं पत्र आलंय: "मुलगा सतरा वर्षांचा, रग्बीच्या अकॅडमीत खेळतो. केमिस्ट्री, बायॉलॉजीत मार्क उत्तम. आता म्हणतो, मेडिकल नको, फक्त रग्बी. हे आणि तो एकमेकांशी बोलत नाहीत. काय करू?"

ताई, तुमच्या कार्डिफच्या जेमी रॉबर्ट्सचं नाव घरात निघालंच असेल. वेल्सकडून 94 कसोटी, 2009 च्या लायन्स (ब्रिटन आणि आयर्लंडचा एकत्रित संघ) दौऱ्यात मालिकावीर आणि 2013 मध्ये कार्डिफ विद्यापीठाची वैद्यकीय पदवी. वडील पदवीकडे बोट दाखवणार, मुलगा जर्सीकडे. पाच वर्षांच्या कोर्सला त्याला आठ वर्षं लागली, हे दोघंही सोयीनं विसरणार. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तर सुरुवातीलाच टक्कर होऊन त्याची कवटी फ्रॅक्चर झाली होती. (स्वतःचा रिपोर्ट त्याला कुणी समजावून सांगावा लागला नसेल, एवढाच काय तो फायदा.)

आणि पदवीनंतर तो वॉर्डात रुजू झाला नाही. त्याच वर्षी पॅरिसच्या क्लबकडून खेळायला गेला, पुढे केंब्रिजमध्ये शिकला आणि 2022 मध्ये पस्तिसाव्या वर्षी खेळायचा थांबला. कोविडच्या काळात मात्र वेल्सच्या आरोग्यसेवेत मदतीला उभा राहिला. म्हणजे पदवी हाती असली, तरी फाउंडेशनची (पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाची) दोन वर्षं आणि पुढचं स्पेशलायझेशन उरतंच. पस्तिशीत ते सुरू करायची तयारी आहे का, हे मुलाला विचारा.

वडील कदाचित जे. पी. आर. विल्यम्स यांचा दाखला देतील. वेल्सचे फुलबॅक आणि हाडांचे सर्जन. पण तेव्हा रग्बीत पगार नव्हता, नोकरी करणं भागच होतं. 1995 पासून हा खेळ व्यावसायिक झाला; आता सरावच दिवसभराचं काम आहे. तो दाखला मला तरी लागू वाटत नाही.

ए-लेव्हल (तिकडची बारावी) सोडू देऊ नका, यावर मी हटून बसेन. मेडिकलचे अर्ज 15 ऑक्टोबरपर्यंत जातात, तेव्हा रुसव्याला फार वेळ नाही. अर्जाआधी मेडिकल स्कूलला विचारून घ्या: मध्ये वर्ष थांबता येईल का, किती वेळा, आणि परवानगी कोण देतं? अकॅडमीलाही विचारा: करार किती वर्षांचा, आणि दुखापत झाली तर त्याचं काय? उत्तरं लेखीच घ्या.

मात्र हे ईमेल मुलानं स्वतः लिहायचे. तुम्ही नाही, वडिलांनी तर नाहीच.