मोगरा छाटा, गुलाब राहू दे

प्रश्न: ताई नमस्कार, पुण्यात चौथ्या मजल्यावर आमची छोटीशी गच्ची आहे. मोगऱ्याची कुंडी पाच वर्षांची, पानं भरपूर पण मागच्या उन्हाळ्यात जेमतेम वीसेक फुलं आली. आता जानेवारी संपत आलाय आणि यूट्यूबवर गुलाब छाटायचे व्हिडिओ येतायत, तर दोन्ही एकदमच छाटून टाकू का? आणि जास्वंदीवर पांढरा कापसासारखा काहीतरी प्रकार दिसतोय, तो काय आहे?

उत्तर: गुलाबाची कात्री आधी खाली ठेवा! ते व्हिडिओ बहुतेक इंग्लंडबिंग्लंडचे असणार, तिकडे हिवाळाभर गुलाब झोपलेला असतो म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटतात. आपल्याकडे मोठी छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. मीही एकदा असंच बघून फेब्रुवारीत छाटला होता, लालचुटुक कोवळी फूट आली, मी खूश, आणि होळीनंतरच्या उन्हात सगळे शेंडे करपून तपकिरी. आत्ता फक्त सुकलेली फुलं खालच्या पाच पानांच्या डहाळीपर्यंत कापा, बास.

मोगऱ्याचं मात्र आत्ताच करायचं. त्याला कळ्या नवीन फुटीवर येतात, जुन्या काड्या तशाच ठेवल्या की नुसता पाला वाढतो, तुमचं तेच झालंय बहुतेक. आधी चार-पाच दिवस पाणी तोडा, पानं जरा मलूल झाली की झाड निम्म्यावर आणा, वाळक्या आणि सुतळीसारख्या बारीक काड्या मुळापासून काढा, उरलेली पानंही ओरबाडून टाका. बोडकं दिसेल, घरचे ओरडतील, ओरडू देत. मग वरची दोन इंच माती उकरून दोन-तीन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत घाला आणि भरपूर पाणी द्या. युरिया अजिबात नको, परत पालाच वाढेल. आणि कुंडी निदान पाच तास ऊन मिळेल अशा कोपऱ्यात सरकवा, सावलीतल्या मोगऱ्याला मी तरी कधी धड फुलं बघितली नाहीत.

जास्वंदीवरचा कापूस म्हणजे मिलीबग, आपला पिठ्या ढेकूण. खोडावर मुंग्यांची रांग असेल बघा, त्या त्याचा गोड चिकटा खायला येतात आणि त्याला राखतातही. आधी पाइपच्या जोरदार धारेने धुवा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारा, पानांच्या खालूनसुद्धा. आठवड्याने परत, एकदा मारून तो जात नाही. फारच भरलेले शेंडे सरळ कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

जागा उरली तर भेंडी आणि गवार लावून टाका, बी रात्रभर भिजवून.

आणि हो, आता पानगळ सुरू होईल, सोसायटीतली वाळकी पानं गोळा करून कुंड्यांवर तीन बोटं जाड थर द्या, एप्रिलमध्ये पाणी निम्मं वाचतं. वॉचमन काकांना आजच सांगून ठेवा, नाहीतर ते सकाळी सातलाच ढीग पेटवून मोकळे होतात.