वीरांगना, वीरपत्नी, वीरनारी: पत्रिकेत काय छापावे?

प्रश्न असा: गावातल्या ध्वजवंदनाला दोघींचा सत्कार आहे. एकीचे पती सीमेवर धारातीर्थी पडले, दुसरी स्वतः लष्करात कॅप्टन. दोघींच्याही नावाआधी 'वीरांगना' छापले तर चालेल का?

पहिलीसाठी तरी नको. मराठीत वीरांगना म्हणजे स्वतः लढलेली स्त्री. १८५८ साली ग्वाल्हेरजवळ लढताना पडलेल्या लक्ष्मीबाई वीरांगना, आणि १९४३ साली सिंगापुरात उभ्या राहिलेल्या आझाद हिंद सेनेच्या झाशीची राणी पलटणीतल्या मुलीही वीरांगनाच. घोळ होतो हिंदी बातम्यांमुळे. राजस्थानात हुतात्म्याच्या विधवेलाच वीरांगना म्हणतात आणि भाषांतरात तो शब्द तसाच इकडे येतो. महाराष्ट्रातल्या सैनिक कल्याण कार्यालयांच्या पत्रांत वीरनारी, वीरपत्नी, वीरमाता, वीरपिता हे शब्द दिसतात. त्यातला वीरपत्नी घ्यावा. 'वीरनारी' लष्करात रूढ आहे, पण लढली कोण, ती की तिचा नवरा, हे त्यातून उलगडत नाही.

छापताना दोन गोष्टी सांभाळा. वीरपत्नी जोडूनच लिहा. तोडले की 'शूर असलेली पत्नी' असा अर्थ होतो. 'वी' दीर्घच. आणि पुढे कधी वीरांगना छापायची वेळ आली, तर मुद्रित दोनदा वाचा. 'वी'ची वेलांटी जाऊन काना आला की होते वारांगना, म्हणजे वेश्या. शब्द खरा असल्यामुळे संगणकाचा शुद्धलेखन तपासनीसही तो पकडेलच असे नाही.

वीरपत्नी हा शब्द फार जुना, ऋग्वेदात तो सरस्वतीला लावलेला आहे. त्याच्या घडणीत वैधव्य कुठेच नाही. ती छटा आपण अलीकडे चढवली. गंमत 'वीरा' या शब्दाची. संस्कृत कोशात त्याचा एक अर्थ नवरा-मुलगे हयात असलेली स्त्री, आणि 'अवीरा' म्हणजे जिला दोघेही नाहीत ती. इथे वीर म्हणजे घरातला पुरुष. बाईची ओळख तो असण्या-नसण्यावरून! वीरपत्नी, वीरमाता याच साच्यातले. लढताना पडलेल्या स्त्रीच्या नवऱ्यासाठी मात्र रूढ शब्द नाही. 'वीरपती' व्याकरणात बसतो, पण ऐकणारा अडखळतो.

आता दुसरी, म्हणजे कॅप्टन. तिला कुठलेच विशेषण लावू नका. तिचा हुद्दा पुरेसा आहे. 'रणरागिणी' तर नकोच. मोर्च्यांच्या बातम्यांनी तो पार झिजवून टाकला आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) मे २०२५मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, त्यामुळे असे मथळे आता वाढणारच. कॅप्टन, मेजर, कर्नल यांची स्त्रीलिंगी रूपे बनवू नयेत, 'महिला कॅप्टन'ही नको. लिंग क्रियापद दाखवते: 'कॅप्टन आल्या, त्यांनी ध्वजवंदन केले.' पत्रिकेत क्रियापद नसेल, तर नाव पुरते.