आसईच्या पलटणी शोधताना

आधी वर्ष ठरवा, मग पलटणीचा क्रमांक बघा. २३ सप्टेंबर १८०३ ला आसईच्या (आताचा जालना जिल्हा) इंग्रज-मराठा लढाईत ब्रिटनच्या राजाच्या दोन पायदळ पलटणी होत्या: ७४वी आणि ७८वी. १८८१ च्या फेररचनेत ७४वी हायलँड लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन झाली, तर ७८वी सीफोर्थ हायलँडर्सची. खरी गोची पुढे आहे. १७७८ साली उभी राहिलेली ७८वी वेगळीच. १७८६ मध्ये तिला ७२वा क्रमांक मिळाला. आसईची ७८वी १७९३ ची. त्यामुळे नुसत्या क्रमांकावर विसंबलात तर भलत्याच पलटणीचा इतिहास गळ्यात पडेल.

शिपायाचं नाव हवं असेल तर लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात हजेरीपटांची मालिका आहे, डब्ल्यूओ १२. कंपनी सरकारच्या गोऱ्या पलटणींची कागदपत्रं मात्र ब्रिटिश लायब्ररीत. क्यूमध्ये शोधत बसू नका.

पदकयादीवर फार भिस्त नको. आर्मी ऑफ इंडिया पदक १८५१ मध्ये मंजूर झालं, तेही तोवर हयात असलेल्यांसाठी. यादीत नाव नाही म्हणजे माणूस लढाईत नव्हता, असं नाही. आणि हो, पदकाच्या पट्टीवर आसईचं रोमन स्पेलिंग आजच्यापेक्षा वेगळं आहे. त्यावरून पदक नकली ठरवू नका.